ट्रायथलॉनची साधने : अंगाला लागणारी आणि वाऱ्याला लागणारी

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे एकामागून एक, मध्ये घड्याळ न थांबवता पार पाडायचे, ही ट्रायथलॉनची साधी व्याख्या. या नावाची पहिली शर्यत सप्टेंबर १९७४ मध्ये सॅन दिएगोच्या मिशन बे परिसरात झाली. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, हवाई बेटांवर १५ जण आयर्नमॅन नावाच्या शर्यतीच्या लांबलचक अंतराला भिडले आणि त्यांपैकी १२ जण शेवटपर्यंत पोहोचले. सिडनीच्या २०००च्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. मराठी हौशी मंडळींच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची तारीख ऑक्टोबर २०१९ची. त्या महिन्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची शर्यत सुरू झाली : १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धाव, आणि हे सारे साडेआठ तासांच्या आत. पुण्यामुंबईहून रात्रीच्या गाडीने गाठता येईल अशा ठिकाणी ही शर्यत आल्यावर नोकरी-धंदा सांभाळून तयारी करणारा एक वर्ग तयार झाला. पुढचे विवेचन त्याच वर्गातला माणूस डोळ्यांपुढे ठेवून केले आहे : वय तिशी-चाळिशीचे, आठवड्याला सातआठ तास मोकळे, आणि खिसा एकच असून त्याला तीन खेळांची दुकाने लागलेली.

अशा माणसाची पहिली अडचण साधनांच्या टंचाईची नसून त्यांना क्रम लावण्याची असते. प्रत्येक दुकानदार आपल्या खेळापुरते बरोबरच सांगत असतो. म्हणून तिन्ही खेळांना लागू पडेल अशी एक कसोटी हवी. साधन नेमके कशाला लागते, हा प्रश्न मी कसोटी म्हणून घेतो. काही साधने अंगाला लागतात : गॉगल, सायकलचे सीट, बूट, कपडे. काही पाण्याचा, वाऱ्याचा किंवा रस्त्याचा विरोध कमी करतात : टायर, हँडलची ठेवण, वेटसूट. उरलेली नुसती मोजतात : घड्याळ, छातीचा पट्टा, पॉवर मीटर.

अंगाला लागणाऱ्यांचा मान पहिला, आणि त्याचे कारण गणिती आहे. सहा महिने, आठवड्याला आठ तास, म्हणजे दोनशेहून अधिक तासांचा सराव. शर्यत फार तर साडेआठ तासांची. सीट रुतत असेल किंवा बूट चावत असेल, तर त्या दोनशे तासांतले कितीतरी तास होतच नाहीत. विरोध कमी करणारे साधन झालेल्या तासांचे थोडे अधिक फळ देते. न झालेल्या तासांचे ते काही करू शकत नाही. हेल्मेट आणि सायकलचे मागचे-पुढचे दिवे या क्रमवारीत बसवायचेच नाहीत. ते आधी घ्यायचे आणि मग उरलेल्या पैशांचा विचार करायचा.

आता पाणी. ते हवेच्या सुमारे ८०० पट घन असते. म्हणजे विरोध कमी करणाऱ्या साधनांची खरी चलती पोहण्यात असायला हवी. पण तसे घडत नाही, कारण पाण्यातला विरोध मुख्यतः शरीर आडवे सपाट राहते की पाय खाली ओढले जातात यावर ठरतो, आणि सपाट राहणे बाजारात मिळत नाही. त्याला एकच अपवाद, वेटसूट. निओप्रीनचा हा पोशाख ऊब देतो आणि कंबर-पायही वर उचलून धरतो. त्यामुळे कच्च्या पोहणाऱ्याला त्याचा फायदा जास्त होतो. म्हणूनच त्यावर तापमानाचे बंधन आहे. आयर्नमॅनच्या नियमांनुसार पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर हौशी स्पर्धकाला तो सर्रास चालतो, त्यापुढे २८.८ अंशांपर्यंत घातला तर बक्षिसाचा हक्क जातो, आणि त्याच्याही वर तो घालताच येत नाही. कोकण-गोव्याचा समुद्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात या बंधनाच्या पहिल्या पायरीवर थांबत नाही. युरोपातल्या एखाद्या थंड तळ्यातली शर्यत ठरली नसेल, तर वेटसूटचा खर्च वहीतून खोडून टाकावा.

मग पोहण्यात उरतो तो गॉगल. त्याची परीक्षा दुकानातच होते. पट्टा डोक्यामागे न घेता दोन्ही भिंगे नुसती डोळ्यांच्या खोबणीवर दाबायची आणि हात सोडायचा. गॉगल दोनतीन सेकंद चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा. लगेच पडला तर पट्टा कितीही आवळला तरी पाणी शिरणारच, आणि वर डोके दुखेल ते वेगळे. चष्मा असणाऱ्यांसाठी तयार नंबरचे गॉगल मिळतात, सहसा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यांत. सिलिंड्रिकल नंबर त्यांत बहुधा नसतो. पण तलावाचा कठडा आणि समुद्रातला नारिंगी फुगा दिसण्यापुरते काम भागते. भिंगाचा रंग ही चैन वाटते. पश्चिम किनाऱ्यावर ती चैन नाही. सकाळची शर्यत असेल तर किनाऱ्याकडे परतताना तोंड पूर्वेला असते आणि नुकता वर आलेला सूर्य थेट डोळ्यांत. तलावासाठी स्वच्छ भिंग आणि समुद्रासाठी गडद किंवा आरशासारखे, असे दोन साधे गॉगल एका महागड्यापेक्षा बरे. वाफ धरू नये म्हणून भिंगाच्या आत लेप असतो. तो बोटाने पुसला की गेला, हे दुकानात कुणी सांगत नाही.

सरावाच्या तलावात पुल बॉय, पॅडल, फिन अशा वस्तूंची जत्रा दिसते. मांड्यांमध्ये धरायचा पुल बॉय म्हणजे आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायच्या पत्र्याच्या डब्याचा शहरी भाऊ : तरंगवतो, धीर देतो, आणि सुटायचा तेव्हा सुटला नाही तर सवय लावतो. त्याच्या आधाराने पाय वर राहिले की पोहणाऱ्याला वाटते, आपले पाय सुधारले. हाताचे काम वेगळे काढून पाहायचे असेल तेवढ्यापुरताच तो वापरावा. हाताला बांधायची पॅडल तळव्यापेक्षा थोडीच मोठी असावीत. पंख्याएवढी पॅडल खांद्याच्या सांध्यावर जो भार टाकतात तो दफ्तरात बसून पाठ आखडलेल्या माणसाला सोसत नाही. आखूड फिन मात्र नवशिक्याला खरोखर काही शिकवतात, कारण त्यांच्यामुळे सपाट शरीराची जाणीव अंगात उतरते. पोशाख लायक्राचा असेल तर क्लोरीन काही महिन्यांत तो सैल करते. पॉलिस्टर किंवा पीबीटीचा कितीतरी जास्त टिकतो. समुद्रात किंवा धरणाच्या पाण्यात सरावाला जाताना कमरेला दोरीने बांधून मागे ओढायचा भडक रंगाचा फुगा हवाच. तो वेगाला नगण्य अडथळा करतो आणि होडीवाल्याला दुरून दिसतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात, तिथे काठावर माणसे आणि होड्या सज्ज असतात. आपल्या रविवारच्या सरावाला तसे कुणी नसते.

सायकलीकडे वळले की पैसा आणि भौतिकशास्त्र दोन्ही बोलू लागतात. निम्म्या अंतराच्या शर्यतीत सर्वांत जास्त वेळ सायकलीवर जातो आणि सर्वांत जास्त चुकीची खरेदीही इथेच होते. चुकीचे मूळ सायकल हातात उचलून पाहण्याच्या सवयीत आहे. हलकी म्हणजे चांगली, हे घाटापुरते थोडे खरे. सपाटीवर जवळपास खोटे.

हिशेब मांडून पाहू. स्वार, सायकल, पाणी मिळून ८५ किलो. किनाऱ्याचा सपाट रस्ता, वारा पडलेला, वेग ताशी ३० किलोमीटर. हात हँडलच्या वरच्या बाजूला, ब्रेकच्या मुठींवर ठेवून ताठ बसलेल्या स्वाराला हवा कापायला साधारण १३५ वॅट लागतात आणि साध्या जाड टायरांच्या घर्षणाला ४० वॅटच्या आसपास. म्हणजे ताकदीचा पाऊण वाटा वारा खातो, आणि त्या वाऱ्यापुढे मोठा अडथळा सायकलीचा नसून स्वाराच्या छाती-खांद्यांचा असतो. आता हाच स्वार कोपरे वाकवून, खाली वळलेल्या हँडलला धरून वाकून बसला तर हवेचा खर्च १०७ वॅटवर येतो. तीच ताकद लावून ९० किलोमीटर जायला तीन तासांपेक्षा सुमारे १२ मिनिटे कमी लागतात. खर्च शून्य. चांगल्या, मऊ भिंतीच्या टायरांनी घर्षण तिसऱ्या हिश्शाने कमी झाले तर आणखी पाचेक मिनिटे वाचतात. खर्च दोन टायरांचा. आणि सायकल दोन किलोंनी हलकी घेतली तर? सपाटीवर एक वॅट, म्हणजे तीन तासांत अर्धा मिनिट. सहा टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने चढताना त्याच दोन किलोंचे तीन वॅट होतात, नुसते वजन वर चढवायला लागणाऱ्या सुमारे १४० वॅटमधले. रोज सिंहगड चढणाऱ्याने त्याचा विचार करावा. पण दोन किलो सायकलीतून काढायला जी रक्कम मोजावी लागते, तिच्याकडे पाहिले की पोटावरचे दोन किलो स्वस्त वाटू लागतात.

हा हिशेब ट्रायथलॉनला विशेष लागू पडतो, कारण हौशी शर्यतींत पुढच्या सायकलीच्या आडोशाला राहून वारा चुकवायला बंदी असते. आयर्नमॅनच्या शर्यतींत हौशी स्पर्धकाने पुढच्यापासून १२ मीटरचे अंतर राखायचे असते. प्रत्येकाने आपला वारा आपणच कापायचा. म्हणूनच पुढे झुकून कोपरे टेकवायचे एरोबार ट्रायथलॉनमध्ये रुजले आणि तिथून सायकलशर्यतींत गेले. १९८९च्या तूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसला साडेचोवीस किलोमीटरची एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवायची शर्यत होती. ग्रेग लेमाँड ५० सेकंद मागे होता. त्याने एरोबार लावले, लोराँ फिन्योने लावले नाहीत, आणि तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली. त्या दिवशी लेमाँडच्या पायांतही दम होताच. तरी त्या ८ सेकंदांत दांड्यांचा वाटा नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

तरीही साध्या रोड बाइकवर एरोबार लगेच लावू नयेत. पुढे झुकल्यावर कंबर आणि मांडी यांतला कोन मिटतो, श्वास कोंडतो आणि उतरल्यावर धावताना पाय उचलत नाहीत. खास ट्रायथलॉनच्या सायकलीत सीटची नळी जास्त उभी असते, म्हणजे ७३ अंशांऐवजी ७६-७८ किंवा त्याहून अधिक; ती हा कोन उघडा ठेवण्यासाठीच. रोड बाइकवर एरोबार लावायचे तर सीटही थोडे पुढे आणि वर घ्यावे लागते. दुसरे कारण रस्त्याचे. एरोबारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात. आपल्या राज्यमार्गांवर न सांगता येणारे गतिरोधक, उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय यांचा विचार करता हे दांडे पहाटेच्या मोकळ्या, ओळखीच्या रस्त्यापुरते ठेवावेत.

वाऱ्याआधी अंग, हे आपले सूत्र सायकलीवर सर्वांत कडकपणे तपासले जाते. सीटची उंची चुकली तर गुडघा बोलतो : समोरून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. सुरुवातीसाठी एक जुना अंदाज चांगला चालतो. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची मोजायची. तिला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. ८० सेंटिमीटर उंचीला ७०.६ सेंटिमीटर. मग पेडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहतो का, ते मोबाइलवर चित्रण करून पाहावे. सीटची रुंदी बैठकीच्या हाडांतल्या अंतरावर ठरते. खोक्याच्या पन्हाळीच्या पुठ्ठ्यावर बसून उठले की दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यांतले अंतर मोजावे. जाड मऊ गादीचे सीट दुकानात सुखाचे वाटते आणि दोन तासांनी गादी नको तिथे वर येऊन रुतते. स्त्रियांच्या बैठकीची ठेवण सहसा अधिक रुंद असते आणि पुरुषांसाठी घडवलेले अरुंद सीट त्यांना सरसकट दिले जाते. लांबचे अंतर सोडून देण्याचे हे एक मुकाट कारण आहे. ते दुकानात मोठ्याने बोलले पाहिजे. गादीच्या सायकल-चड्डीखाली दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नसते. हे सांगताना पुष्कळजण संकोचतात आणि शिवण कातडीत उतरते.

फ्रेमचे माप वरच्या नळीवर छापलेल्या आकड्यावरून न ठरवता बसून ठरवावे. सीट योग्य उंचीवर आणून हँडलच्या मुठी धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली राहिली पाहिजेत. फ्रेम मोठी निघाली तर ती लहान करता येत नाही. गिअरांत घाटाची सोय हवी. पुढचे लहान चाक ३४ दात्यांचे आणि मागचे मोठे २८ दात्यांचे असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी सुमारे ९ किलोमीटर वेग येतो. चढावर तेवढी ताकद नसेल तर फेऱ्या मंदावतात आणि गुडघ्यांवर भार येतो. मागे ३४ दाते असले की तीच लय साडेसात किलोमीटरला राखता येते. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे घ्यावेत. खडबडीत डांबरावर दगडासारखे फुगवलेले अरुंद टायर वेगवान वाटतात ते हादऱ्यांमुळे. प्रत्यक्षात त्या हादऱ्यांत ताकद वाया जाते. जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप सीटखालच्या पिशवीत असावा, आणि घरी एकदा पंक्चर काढून पाहिलेले असावे. बूट पेडलला अडकवणारी कुलूपपेडल घ्यायचीच असतील तर दोन स्क्रूंची, बुटाच्या तळव्यात बुडालेली पद्धत नवशिक्याला बरी : चहाच्या टपरीपर्यंत माणसासारखे चालता येते.

हेल्मेटचा नियम शर्यतीत असा आहे की पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही आणि सायकल परत घोडीवर टांगेपर्यंत तो काढायचा नाही. निवडताना आत युरोपचा ईएन १०७८ किंवा अमेरिकेचा सीपीएससी असा मानकाचा शिक्का पाहावा. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे.

धावण्याला लागते ते मुख्यतः बूट. पाऊल आत कलते की बाहेर, कमान उंच की सपाट, यावरून बूट ठरवायचा रिवाज अनेक वर्षे चालला. अमेरिकी सैन्यदलांच्या प्रशिक्षणार्थींवर हा रिवाज तपासला गेला. तळव्याच्या आकारानुसार बूट दिलेल्यांना आणि सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेल्यांना दुखापती जवळजवळ सारख्याच झाल्या. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये पर्याय सुचवला तो साधा आहे : जो बूट घालून धावताना सुखाचा वाटतो तो घ्यावा, शरीर आपल्या सोयीची चाल स्वतः निवडते. ही कसोटी ग्राहकाच्या हातात आहे, फक्त ती चालून न करता धावून करायला हवी. पाय दिवसभराने फुगतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवावी. अनवाणी किंवा चपलांत वाढलेली पसरट पावले असतील तर लांबीचा नंबर वाढवण्यापेक्षा रुंद साच्याचा बूट मागावा.

पैसे असतील तर एका भारी जोडापेक्षा दोन मध्यम, वेगवेगळ्या बांधणीचे जोड आलटून पालटून वापरावेत. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावणाऱ्यांच्या पाहणीत असे करणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. बुटांमुळेच तो कमी झाला असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण पावसाळ्यात एक जोड वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळत असताना दुसरा लागतोच. कार्बनची पट्टी घातलेल्या जाड तळव्याच्या बुटांनी ऊर्जा सरासरी ४ टक्के वाचते, हा आकडा कोलोरॅडो विद्यापीठात १८ तरबेज धावपटूंवर, ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाला मिळाला. ९० किलोमीटर सायकल चालवून, दुपारच्या उन्हात ताशी नऊ किलोमीटरने जाणाऱ्या माणसाने तो आकडा आपला समजू नये. वेग उतरला की लाभ घटतो, आणि उंच मऊ तळव्यावर दमलेला घोटा डगमगतो.

तिन्ही खेळांना मिळून एक ट्रायसूट असतो, पातळ गादीचा आणि लवकर वाळणारा. त्याची खरी परीक्षा खारट पाण्यातून निघून सायकलीवर बसल्यावर होते. काख, मानेची कड, मांडीची आतली बाजू इथे मीठ आणि घाम मिळून कातडी सोलतात. व्हॅसलीनची डबी हे या खेळातले सर्वांत स्वस्त साधन. सूती बनियन घामाने जड होऊन अंगाला घासते, ते पहिल्या आठवड्यातच बाजूला पडते. स्त्रियांनी ट्रायसूटच्या आतल्या आधारावर विसंबू नये. धावायची ब्रा वेगळी निवडावी, उड्या मारून पाहावी आणि ती ओली झाल्यावर कुठे काचते तेही एकदा तपासावे.

मोजणारी साधने शेवटी येतात, तरी त्यांची जाहिरात सगळ्यांत मोठी असते. अंतर आणि वेळ सांगणारे जीपीएस घड्याळ पुरेसे आहे. मनगटावर नाडी मोजणारा प्रकाश घाम, थंडी आणि हँडलवरचे हादरे यांनी फसतो. नाडी बघूनच सराव करायचा असेल तर छातीचा पट्टा घ्यावा. पॉवर मीटर ताकद वॅटमध्ये दाखवतो आणि वारा, चढ, मनःस्थिती यांपैकी कशालाही भुलत नाही. पण त्याचे आकडे वाचून सराव बदलणार असाल तरच त्याला अर्थ आहे. जून ते सप्टेंबर कोकणातच नव्हे, पुण्यातही पहाटेचे रस्ते ओले आणि खड्डे पाण्याने भरलेले असतात. अशा चार महिन्यांत मागचे चाक काढून सायकल बसवायचा स्मार्ट ट्रेनर मिळाला तर वॅट त्यातच दिसतात, वेगळा मीटर लागत नाही. त्याच्यासोबत एक मोठा उभा पंखा घ्यावा, कारण बंद खोलीत अंगावरून वारा जात नाही आणि नाडी उगाच चढते. वरच्या नळीवर आणि हँडलवर जुना टॉवेल टाकावा. रोज ठिबकणारा घाम हँडलच्या मानेतले स्क्रू एका पावसाळ्यात गंजवून धरून ठेवतो.